पाचचा शिक्का

बुधवारी सकाळी दहा वाजता टेबलावरचा फोन वाजला आणि पडद्यावर तेके-बुलाकचा नंबर बघून सागिनबेकच्या चेहऱ्यावर, कुणी बघायला नसतानाही, हसू आलं. किटली त्यानं खाली ठेवली, खुर्ची पुढं ओढली. हा फोन म्हणजे पंधरा मिनिटांची निश्चिंती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहाच्या ठोक्याला.

"बोला आके," तो म्हणाला, "आज किती तुटला आवाज? शिव्या देऊन घ्या एकदाच्या."

पलीकडून दुसराच आवाज आला.

"सागिनबेक, मी एर्मेक. आके गेले. सोमवारी रात्री."

नारिनकडच्या डोंगराळ मुलखात मरणाची बातमी फोनवर अशी कुणी सांगत नाही. घरच्या माणसाला तर नाहीच. चार म्हातारे एकत्र येतात, दारात उभे राहतात, पाण्यापावसाच्या गोष्टी काढतात, हळूहळू आयुष्य आणि त्याचा शेवट यावर येतात, आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आधी त्याचे खांदे धरलेले असतात. 'आके' म्हणजे वडीलधारे; हे एर्मेकचे वडील. त्याची थोरली बहीण बुरुल तिकडं परदेशात इरकुत्स्कला बेकरीत कामाला होती. तिलासुद्धा त्यानं स्वतः फोन केला नव्हता. गावाकडचे दोन वयस्क लोक तिथं शोधून काढून तिच्या खोलीवर पाठवले होते. सागिनबेकला मात्र सरळ दोन शब्दांत सांगून टाकलं, तेही दीड दिवसानं. आठ वर्षांपूर्वीपर्यंत सागिनबेक बुरुलचा नवरा होता. एर्मेक त्याला तेव्हा 'जेझ्दे' म्हणायचा, बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं. आता नुसता सागिनबेक. बातमीपेक्षा ती कशी सांगितली यानं त्याला आधी टोचलं, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

"कसे गेले?" त्यानं विचारलं.

"झोपेत. सोमवारी दुपारी बोर्सोक खाल्ले, तळलेले नकोत म्हणून सांगितलंय तरी. चहाला साखर कमी म्हणून माझ्या बायकोवर ओरडले. सगळं नेहमीसारखं. बरं ते राहू दे, मी कामासाठी फोन केलाय."

काम असं होतं. बुरुलचे कागद तिकडच्या कचेरीत नूतनीकरणाला अडकले होते. ती निघाली असती तर परत जाता आलं नसतं, आणि निघाली तरी आज दुपारपर्यंत पोचली नसतीच. आज तिसरा दिवस. एक वाजता आकेंना दफनासाठी बाहेर काढायचं होतं. पण मुलीनं बापासाठी शोकगीत म्हणायचं नाही म्हणजे काय? अंगणात युर्ट, नमद्याचा गोल तंबू, उभा केला होता, आत पडद्याआड आके निजले होते आणि बायका जाळीच्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. थोरल्या मुलीची जागा मधे रिकामी सोडली होती. त्या जागेवर फोन ठेवायचा, ती तिकडून म्हणेल, असं ठरलं.

"नऊ वाजता लावला," एर्मेक म्हणाला. "एक शब्द ऐकू यायचा, दोन गायब. माणसाला उचकी लागावी तसं. पोरं बाहेर खिदळायला लागली. सैराश काकू म्हणाली, बंद करा ते, मेलेल्या माणसाची चेष्टा आहे ही. बुरुलला कळलं ते. तेवढं मात्र नेमकं न तुटता गेलं तिकडं."

"मग?"

"मग काय! बारा वाजता परत लावणार. तुम्ही नेटवाले ना? बघा काही करता येतं का. सहा महिने म्हातारा तुमच्या नावानं खडे फोडत होता, 'बघतो' शिवाय तुमच्या तोंडून काही निघालं नाही. आज तरी बघा."

फोन ठेवला गेला. सागिनबेक बसून राहिला. खोलीत नेहमीचा पंख्यांचा घोंघाट होता. शहराच्या जुन्या टेलिफोन इमारतीच्या मागची ही खोली. तीन लोखंडी कपाटं, त्यात राउटर, एक टेबल, एक खुर्ची. दुसरी खुर्चीही होती. तिच्यावर बसणारा सहकारी दोन वर्षांपूर्वी राजधानीत, बिश्केकला गेला आणि त्याच्या जागी कुणी आलंच नाही. सगळं तिकडून दिसतं म्हणे. सागिनबेक दिवसाचे नऊ तास इथं असायचा आणि या नऊ तासांत त्याच्याशी बोलणारं माणूस एकच होतं. ते सोमवारी रात्री गेलं.

आता बिघाड काय होता ते सांगतो; कारण तो बिघाड त्याला ऑक्टोबरपासून ठाऊक होता.

कंपनीच्या जाळ्यातून आवाज, चित्र, सगळं बारीक पुडक्यांत तोडून जातं आणि प्रत्येक पुडक्यावर शिरतानाच एक चिठ्ठी लागते. वाटेतले राउटर पुडकं उघडून बघत नाहीत, नुसती चिठ्ठी वाचतात आणि पुढं ढकलतात. त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात शून्य ते सात असा एक आकडा मारायची जागा असते. बोलण्याच्या आवाजाला पाच. पाच दिसला की राउटर बाकीच्यांना थांबवतो आणि त्याला आधी सोडतो, कारण पत्र दोन क्षण उशिरा गेलं तर बिघडत नाही; बोलणं बिघडतं. पण या पाचवाल्यांची वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, रस्त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी. आवाजाला तेवढी पुष्कळ होते. तिच्यात मावेल त्यापेक्षा जास्त आलं तर राउटर जास्तीचं फेकून देतो, आणि फेकताना कुणाचं काय ते बघत नाही.

युर्टात दारासमोरची जागा मानाची, 'तोर' म्हणतात तिला. तिथं आके, पाहुणा, मोठा माणूस. सहा वर्षांपूर्वी तेके-बुलाकला पहिल्यांदा लाइन आली तेव्हा सागिनबेक ती जोडायला गेला होता. घटस्फोटाचे कागद पोस्टानं येऊन दोन वर्षं झाली होती. बुरुल एका हिवाळ्यापुरती म्हणून इरकुत्स्कला गेली होती आणि तो हिवाळा संपलाच नव्हता. यानं नोकरी सोडून मागं जायला हवं होतं, तो गेला नाही. मूलबाळ नव्हतं. भांडणसुद्धा धड झालं नाही. तर असा हा माजी जावई, काम उरकून गुपचूप निघायच्या बेतात होता. जुमाकादिर आकेंनी त्याची बाही धरली, घरात नेला, तोरवर बसवला आणि मेंढा कापून त्याचं डोकं त्याच्यापुढं ठेवलं. मेंढ्याचं डोकं कुणापुढं ठेवायचं याचे तिकडं फार काटेकोर नियम आहेत. बसलेले सगळे गप्प झाले. आके म्हणाले, "माझी पोरगी गेली म्हणून माझा जावई गेला का?"

मग खाणं झालं, आणि खाल्ल्या मिठाला जागायची वेळ आली. गावातले सगळे त्याच्याभोवती जमले. "आपला जावई नेटचा मालक, आणि आपलंच नेट लंगडत चालणार? शोभेल का?" असं म्हणत कुणी त्याच्या पाठीवर थाप मारली. डोकं पुढं ठेवलेल्या माणसाला तिकडं नाही म्हणता येत नाही. सागिनबेक परत आला आणि त्यानं तेके-बुलाकला जाणाऱ्या आणि तिथून येणाऱ्या झाडून सगळ्या पुडक्यांवर पाचचा शिक्का मारायचा हुकूम राउटरला दिला. फक्त आवाजावर नाही. चित्रं, सिनेमे, कुस्त्या, पोरांची कार्टून, सगळं तोरवर.

तेव्हा गावात लाइन तीस घरांत होती. खपून गेलं. आज एकशेचाळीस घरांत आहे. सगळा गावच तोरवर चढून बसला तर मानाची जागा उरते कुठं? आकेंना शुक्रवारी बुरुलचा फोन यायचा, तिच्या आवाजावर खरा पाच असायचा, आणि शेजारच्या घरात कार्टूनमध्ये उड्या मारणाऱ्या अस्वलावर खोटा. त्या अरुंद वाटेत दोघं चेंगरायचे आणि अर्धा आवाज फेकला जायचा.

दुरुस्ती सोपी होती. सगळ्यांचा शिक्का काढायचा, आवाजाचा ठेवायचा. सागिनबेकनं ऑक्टोबरात ती कागदावर लिहूनसुद्धा काढली होती. मग केली का नाही?

त्याचं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. आवाज चांगला होता तेव्हा आके आठवड्यातून एकदाच फोन करायचे, शुक्रवारी, मुलीशी बोलून झाल्यावर. "आज स्वच्छ होता, बाळा," एवढं म्हणून, लाइनचा अहवाल द्यावा तसं बुरुलचं थोडंसं सांगायचे. तिनं खोली बदलली. तिचा गुडघा दुखतो. आवाज तुटायला लागल्यावर फोन आठवड्यातून तीनदा यायला लागला. बुरुलही आता तीनदा फोन करत असेल, असं त्यानं धरून घेतलं. तक्रार दोन मिनिटं, मग मेंढ्या, मग एर्मेकची बायको, मग "तू जेवतोस काय? डब्यातला लग्मान? त्या शिळ्या शेवया? छे!" सागिनबेक दर वेळी "बघतो आके" म्हणायचा आणि कागद परत खणात ठेवायचा. पुढच्या महिन्यात करू. मार्चात, नवरोजनंतर करू. लाइन नीट झाली तर म्हातारा कशाला फोन करील, ही भीती त्याला होती. आज तो कागद त्यानं खणातून काढला.

दिवसा राउटरला हात लावायची सक्त मनाई होती. त्यानं बिश्केकला मुख्य बाईंना फोन लावला.

"व्हेनेरा इसाकोव्ना, मला आत्ता एक बदल करायचाय. तेके-बुलाकचे शिक्के."

"आत्ता? डोकं ठिकाणावर आहे ना? भर दिवसा? चूक झाली तर अख्खा जिल्हा मुका होईल." मग कीबोर्डचा खडखडाट, त्या तिकडं बघत होत्या. "हे काय आहे? पूर्ण गावाला पाच? हा शहाणपणा कुणाचा?"

"माझा."

"तुझा! पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाचा! अरे, हे नवशिक्यानं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता. का केलंस?"

"त्यांनी माझ्यापुढं डोकं ठेवलं होतं."

व्हेनेरा इसाकोव्ना तालासकडच्या. मेंढ्याच्या डोक्याचा मान तिकडंही तसाच; त्यांचा आवाज उतरला.

"आणि आज काय झालं?"

"मयत आहे. मुलगी परदेशातून फोनवर शोकगीत म्हणणार आहे. बारा वाजता."

"तुझं कोण लागतं?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

"साडेअकराच्या आत कर. मी इथून बघत बसते. आणि सोमवारपर्यंत लेखी खुलासा, दोन पानं. मेंढ्याचं डोकं त्यात लिहू नकोस."

काम अकरा मिनिटांत झालं. नवा हुकूम चढवला, जुना उतरवला, दोन्ही दिशांनी तपासलं. पडद्यावर पाचच्या रांगेतून फेकलेल्या पुडक्यांचा आकडा असतो; सहा महिने तो मुंग्यांच्या वारुळासारखा वाढत होता. सागिनबेकनं तो शून्यावर आणला आणि बघत राहिला. शून्य हललं नाही. गावातली अस्वलं आता साध्या रांगेत उभी होती.

बारा वाजून चार मिनिटांनी पाचच्या रांगेत एक बारीक धार सुरू झाली. एकच फोन. इरकुत्स्ककडून तेके-बुलाककडं.

ऐकायची सोय त्याच्याकडं नव्हती, आणि असती तरी ते नियमात बसत नव्हतं. त्याला फक्त आकडे दिसत होते. इतकी पुडकी आली, इतकी गेली, फेकली शून्य. एवढ्यावरून त्याला कळत होतं की ती म्हणते आहे. मधेच धार पातळ झाली की ती श्वास घेते आहे, किंवा रडते आहे. मयताच्या वेळी घरातले पुरुष कमरेला पट्टा बांधून, काठीवर रेलून युर्टाच्या बाहेर उभे असतात आणि मोठ्यानं रडतात. सागिनबेक उठला. कमरेला पट्टा होताच. काठी नव्हती म्हणून कोपऱ्यातलं बर्फ ओढायचं फावडं उलटं धरलं, त्याच्या दांड्यावर रेलला आणि राउटरच्या कपाटापुढं उभा राहिला. बघणाऱ्याला वेडाच वाटला असता. मोठ्यानं रडायचा त्यानं एकदा प्रयत्न केला, पण पंख्यांच्या घोंघाटात आपलाच आवाज त्याला परका वाटला आणि तो गप्प झाला. सव्वीस मिनिटं तसाच उभा होता. मग धार थांबली. फेकली शून्य.

चार वाजता फोन आला. नंबर परदेशी होता.

"सागिनबेक," ती म्हणाली. आठ वर्षांनी तिच्या तोंडून त्याचं नाव आलं होतं. आवाज बसला होता, पण प्रत्येक अक्षर येत होतं. "एर्मेक म्हणाला, तू नीट केलंस. सगळं ऐकू गेलं म्हणे. सैराश काकू बसून राहिली आणि शेवटी तीच सगळ्यात जास्त रडली. म्हटलं, आभार मानावेत."

"आभार कसले बुरुल. आके माझेही..."

"खूप अवघड होतं का रे? किती वेळ लागला?"

दोन तास म्हणता आलं असतं. नवीन यंत्र मागवावं लागलं म्हणता आलं असतं. कोण तपासायला येणार होतं? चोराच्या मनात चांदणं असतं, पण या चोराला लपायचाही कंटाळा आला होता.

"अकरा मिनिटं," तो म्हणाला.

"आणि बिघाड कळला कधी?"

"ऑक्टोबरात."

मागं बेकरीतले ट्रे आदळल्याचे आवाज येत होते, तेही स्पष्ट.

"आके मला दर वेळी सांगायचे, बिचारा खटपट करतोय, होईल नीट," ती म्हणाली. "का, सागिनबेक?"

"ते तक्रार करायला फोन करायचे. आठवड्यातून तीनदा. मला दुसरं कुणी... नीट केलं असतं तर..."

"जानेवारीत आके मला काहीतरी सांगत होते," बुरुल म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं ते आणखी वाईट होतं. "आईबद्दल. आई जायच्या आदल्या दिवशी माझ्याबद्दल काय म्हणाली ते. अर्धं कळलं. मी परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं, परत अर्धंच. दमले ते. म्हटलं राहू द्या, लाइन नीट झाली की विचारीन. आता कुणाला विचारू?"

तिनं फोन ठेवला.

त्या दिवशी तो वेळेवर घरी गेला नाही. फोनच्या नोंदी काढून बसला. आपण बापलेकीचे नेमके किती फोन नासवले ते त्याला मोजायचं होतं. माणूस कधीकधी आपल्याच जखमेवर बोट दाबून बघतो तसं. ऑक्टोबरपासून आके जाईपर्यंत इरकुत्स्कहून आलेले फोन तेवीस. सगळे शुक्रवारचे. त्यानं यादी दोनदा वाचली. सोमवारी एकही नाही. बुधवारी एकही नाही.

आणि आकेंचा त्याला फोन सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. "आज फारच तुटला रे बाळा, पोरीचं एक अक्षर कळलं नाही." सोमवारी पोरगी बोललीच नव्हती. बुधवारीही नाही. तोडायला आवाजच नव्हता.

म्हणजे म्हातारा सहा महिने खोटी तक्रार करत होता. हा समजत होता की आपण बिघाड राखून म्हाताऱ्याला धरून ठेवलाय, आणि म्हातारा दिवसाआड खोटं बोलून याला धरून होता. लाइन नीट झाली असती तरी सोमवारी दहाला फोन वाजलाच असता. मग त्या जानेवारीतलं अर्धं वाक्य उगाच गेलं. अगदी फुकट. सागिनबेकनं डोकं टेबलावर ठेवलं आणि या वेळी पंखे असतानाही त्याला रडू फुटलं.

सातव्या दिवसाचं जेवण रविवारी होतं. त्याला बोलावणं आलं नाही आणि ते येईल असं त्याला वाटलंही नव्हतं. सोमवारी त्यानं खुलाशाची दोन पानं लिहून पाठवली. मग दहा वाजले. फोन टेबलावर होता. दहा वाजून पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर छपरावरचं बर्फ वितळून टपटपत होतं. पडद्यावर तेके-बुलाकच्या रांगेत फेकलेली पुडकी शून्य होती, बुधवारपासून शून्यच होती.

त्यानं रिसीव्हर उचलला आणि तेके-बुलाकचा नंबर फिरवला.

"कोण?" एर्मेक होता.

"मी सागिनबेक. टेलिफोनच्या ऑफिसातून." त्यानं खुर्ची पुढं ओढली. "काही विशेष नाही. लाइन नवीन केलीय, तर आवाज कसा येतोय तेवढं विचारायचं होतं."

मागं कुठंतरी कोकरू ओरडत होतं आणि कुणी बाई त्याला हाकलत होती.

"बुरुलनं सांगितलं मला सगळं," एर्मेक म्हणाला.

"हं."

"मी म्हटलं होतं, भेटलात तर थोबाड फोडीन."

"फोड की. मी येतो पाहिजे तर."

पुन्हा कोकरू ओरडलं. मग खुर्ची सरकवल्याचा आवाज आला; आके फोनपाशी ठेवायचे ती पाठ मोडलेली खुर्ची, तिचा करकराट सागिनबेकला पाठ होता. एर्मेक तिच्यावर बसला असावा.

"आवाज ना?" तो म्हणाला. "आवाज तुटतोय, जेझ्दे. अधूनमधून फार तुटतोय."

सागिनबेकनं पडद्याकडं पाहिलं. एर्मेकचा एकेक शब्द पाचचा शिक्का घेऊन घाटावरून सुखरूप येत होता, फेकलेली पुडकी शून्य.

"बघतो," तो म्हणाला. "बुधवारी परत विचारतो."

"विचारा. दहा वाजता असतो मी इथंच," एर्मेक म्हणाला. "आणि काय हो, जेवता काय तुम्ही? अजून तो डब्यातलाच लग्मान?"